मुदत दिसेना, छपाई होईना!

खालच्या चार ओळी नीट पाहा.

* हरभऱ्याच्या अंकुरणाचा प्रकल्प
 करायचे अहवाल पूर्ण करणे
डेडलाइन: <२०२६-१२-१४ सोम>
प्रत्येक कुंडीतील रोपांची उंची सेंटिमीटरमध्ये लिहावी.

वहीत पेन्सिलीने लिहाव्यात तशाच या ओळी आहेत. त्यांत रंग नाहीत, चौकटी नाहीत, चित्रे नाहीत. संगणकाच्या भाषेत अशा मजकुराला साधा मजकूर म्हणतात. पण ‘ऑर्ग-मोड’ नावाची आज्ञावली याच ओळी वाचते तेव्हा तिला त्यांत बरेच काही दिसते. एक तारका म्हणजे मुख्य शीर्षक, दोन तारका म्हणजे त्याच्या पोटातले उपशीर्षक. ‘करायचे’ हा शब्द त्या कामाची स्थिती सांगतो. टोकदार कंसातली तारीख ही मुदत. एवढ्या खुणांच्या आधारे ती आपल्याला आठवड्याच्या कामांचा तक्ता, म्हणजे अजेंडा, काढून देते. त्याच फाइलीपासून ती छापील अहवालही तयार करते, हवा तर वेबपानाच्या रूपात, हवा तर पीडीएफच्या. कामाची वही आणि अहवालाचे हस्तलिखित अशी एकाच फाइलीची दोन कामे होतात.

ही आज्ञावली २००३ साली लिहायला घेतली ती कार्स्टन डॉमिनिक यांनी. ते व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातले. ताऱ्यांभोवतीच्या धुळीतून ग्रह कसे घडतात हा त्यांचा अभ्यासविषय. संशोधनाच्या टिपणांत मधूनमधून करायची कामे येतात, ती टिपणांपासून वेगळी न काढता सांभाळता यावीत, म्हणून त्यांनी हे साधन स्वतःसाठी घडवले. ते ‘ईमॅक्स’ या मजकूर-संपादकाच्या आत चालते. ईमॅक्सचा जन्म १९७६ चा, अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेतला. २००७ पासून ऑर्ग-मोड ईमॅक्सबरोबरच मिळू लागले. दोन्ही विनामूल्य आहेत आणि त्यांची रचना कुणालाही उघडून पाहता येते, बदलताही येते.

एक खुलासा आधीच करून ठेवू. ‘डेडलाइन’सारखे ठरीव शब्द आणि तारखांचे अंक येथे देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ते रोमन लिपीत, आणि शब्द मोठ्या अक्षरांत, लिहावे लागतात. का, ते लगेच कळेलच.

मुदत गेली कुठे?

समजा, नववीच्या एका विद्यार्थिनीने वरच्यासारखी फाइल केली. ३० नोव्हेंबर उजाडला. ऑर्ग-मोड मुदतीची सूचना चौदा दिवस आधीपासून देते, म्हणजे आज अजेंड्यात अहवालाचे नाव यायला हवे. पण अजेंडा कोरा! पडद्यावर चुकीचा एखादा निरोपही नाही.

हा निरोप नसणे हीच साध्या मजकुराची खरी अडचण आहे. छापील अर्जात तारखेचा रकाना असतो. तो चुकीचा भरला तर कारकून अर्ज परत करतो. साध्या मजकुरात रकानेच नसतात. एखादी खूण आज्ञावलीला ओळखता आली नाही तर ती तिला चूक म्हणत नाही. हा लेखकाने लिहिलेला सामान्य मजकूर असावा, असे समजून पुढे जाते. म्हणून अशा फाइलीतला दोष शोधताना ‘काय बिघडले?’ यापेक्षा ‘माझी कोणती खूण तिने गद्य म्हणून वाचली?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

उत्तरे बहुधा चार-पाचच असतात. तारकेनंतर एक जागा मोकळी सोडली नाही, की शीर्षक शीर्षक राहत नाही. ‘डेडलाइन’ची ओळ शीर्षकाच्या अगदी लगतच्या ओळीवर हवी, मध्ये एखादी रिकामी ओळ किंवा एखादे वाक्य आले तर ती मुदत म्हणून ओळखली जात नाही. तारीख टोकदार कंसाऐवजी चौकोनी कंसात असेल तर ती नुसती नोंद ठरते आणि अजेंड्यात येत नाही. हा मात्र दोष नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे: ‘हे मी या दिवशी लिहिले’ एवढेच सांगायचे असते तेव्हा चौकोनी कंस वापरायचा.

आणि मराठी मुलांना हमखास भेटणारा दोष म्हणजे अंकांचा. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. युनिकोड या जागतिक कोष्टकात रोमन एकचा क्रमांक ४९ आहे, आणि आपल्या ‘१’चा २४०७. आपल्या डोळ्यांना दोन्ही ‘एक’च. पण ऑर्ग-मोड तारीख ओळखते ती एका साच्यावरून: चार अंक, आडवी रेघ, दोन अंक, आडवी रेघ, दोन अंक. आणि या साच्यात ‘अंक’ म्हणजे फक्त रोमन शून्य ते नऊ. देवनागरी अंकांत लिहिलेली तारीख साच्यात बसत नाही, म्हणून ती गद्य ठरते. वाराचे नाव मात्र ‘सोम’ असे खुशाल मराठीत लिहावे. आज्ञावली वार तारखेवरून स्वतःच काढते, लिहिलेल्या वारावर ती विसंबत नाही.

फाइलीत सारे ठीक असूनही अजेंडा कोराच राहिला तर? मग आणखी एक गोष्ट पाहायची. अजेंडा कोठेही साठवून ठेवलेला नसतो. आपण मागू तेव्हा तो ठरावीक फाइलींतून नव्याने गोळा केला जातो. त्या फाइलींची एक यादी असते आणि आपली फाइल त्या यादीत घालावी लागते. फाइल उघडी ठेवून कंट्रोल-सी आणि त्यानंतर डावा चौकोनी कंस दाबला की ते काम होते. नवशिक्यांचे निम्मे कोरे अजेंडे एवढ्यानेच भरतात, असे म्हणायला हरकत नाही.

खात्री करून घ्यायची रीत प्रयोगशाळेतलीच आहे. दुसरी एक छोटी फाइल करा. तिच्यात एकच शीर्षक, एकच तारीख, तीही आजची. ती यादीत घाला. ती अजेंड्यात दिसली तर यंत्रणा ठीक आहे आणि दोष तुमच्या मोठ्या फाइलीत आहे. दिसली नाही तर उलट. अंकुरणाच्या प्रयोगात एक कुंडी सावलीत व एक उन्हात ठेवताना माती, पाणी आणि बियाणे आपण सारखेच ठेवतो, ते याच कारणासाठी. शिवाय ‘ऑर्ग-लिंट’ नावाची एक आज्ञा आहे, ती फाइल तपासून अशा काही संशयास्पद जागा दाखवते. आधी डोळ्यांनी शोधावे आणि मग तिला विचारावे, असे मला वाटते. डोळ्यांना सवय लागते.

आपल्या शब्दांत कामे

मूळ आज्ञावलीत कामाच्या दोनच स्थिती असतात, करायचे आणि झालेले, आणि त्यांचे शब्द इंग्रजी. पण फाइलीच्या आरंभी एक ओळ लिहिली की आपले शब्द चालू होतात:

#+टूडू: करायचे चालू | झाले रद्द

मधल्या उभ्या रेघेकडे लक्ष द्या. तिच्या डावीकडच्या स्थिती अपुऱ्या कामाच्या, उजवीकडच्या संपलेल्या कामाच्या. रेघ लिहिलीच नाही तर आज्ञावली शेवटचा एकच शब्द ‘संपले’ या अर्थाचा धरते. मग वरच्या ओळीत काय होईल? ‘रद्द’ तेवढे संपलेले, आणि ‘झाले’ हे अजून अपुरे! काम पुरे करून, त्यावर ‘झाले’ लिहूनही अजेंडा रोज त्याची आठवण देत राहील. एका उभ्या रेघेने एवढा फरक पडतो. आणि ही ओळ बदलल्यावर तिच्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबावे लागते, नाही तर फाइल पुन्हा उघडेपर्यंत जुनेच शब्द चालू राहतात.

तारखांचेही तीन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. नुसती टोकदार कंसातली तारीख म्हणजे त्या दिवशीचा प्रसंग, जसे सहल किंवा परीक्षा. ‘डेडलाइन’ म्हणजे त्या दिवसापर्यंत पुरे व्हायचे काम. आणि ‘शेड्यूल्ड’ म्हणजे त्या दिवशी हाती घ्यायचे काम. ते पुरे झाले असे लिहीपर्यंत दररोज अजेंड्यात पुढे ढकलले जाते. सहलीला ‘शेड्यूल्ड’ लावले तर सहल होऊन गेल्यावरही ती आठवडाभर पिच्छा पुरवते.

चौदा दिवसांची आगाऊ सूचना फार वाटली तर एखाद्या मुदतीपुरती ती कमी करता येते. तारखेच्या पुढे, कंसातच, वजा पाच आणि दिवसासाठी असलेले ‘डी’ हे अक्षर लिहिले की सूचना पाच दिवस आधी सुरू होते.

दर आठवड्याला करायच्या कामाची गंमत याहून मोठी आहे. आपल्या विद्यार्थिनीला दर सोमवारी रोपांची उंची मोजायची आहे. पहिली तारीख २ नोव्हेंबर २०२६. तारखेपुढे अधिक एक आणि आठवड्याचे ‘डब्ल्यू’ अक्षर लिहिले की काम ‘झाले’ करताच तारीख आपोआप एक आठवडा पुढे सरकते. आता समजा, ती आजारी पडली आणि थेट २५ नोव्हेंबरला, बुधवारी, तिने ‘झाले’ लिहिले. पुढची तारीख कोणती यावी?

एक अधिक चिन्ह असेल तर येते ९ नोव्हेंबर. आज्ञावली फक्त एक पाऊल पुढे जाते, मग ती तारीख मागे पडलेली का असेना. दोन अधिक चिन्हे असतील तर येतो ३० नोव्हेंबर, म्हणजे वार सोमवारच राहतो पण तारीख पुढची मिळते. आणि अधिकच्या आधी टिंब असेल तर आजपासून सात दिवस मोजून २ डिसेंबर, बुधवार. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. वर्गणी थकली तर प्रत्येक महिन्याची भरावीच लागते, तिथे पहिले. रोपांची उंची सोमवारीच मोजायची, गेलेला सोमवार परत येणार नाही, तिथे दुसरे. आणि मत्स्यालयाचे पाणी बदलायला उशीर झाला तर पुढचा आठवडा आजपासूनच मोजायचा, तिथे तिसरे. ‘दर आठवड्याला’ हा शब्द आपण बोलताना किती ढिला वापरतो, ते अशा वेळी लक्षात येते.

अहवाल छापताना

आता दुसरे काम, निर्यात. कंट्रोल-सी आणि मग कंट्रोल-ई दाबले की प्रकारांची यादी समोर येते. वेबपान काढले तर मराठी मजकूर बहुधा विनातक्रार दिसतो. पीडीएफ मागितले की मात्र मामला बदलतो.

पीडीएफचा प्रवास दोन टप्प्यांचा आहे. ऑर्ग-मोड प्रथम आपल्या फाइलीवरून ‘लाटेक’ या छपाईच्या भाषेतली दुसरी फाइल तयार करते. मग ‘पीडीएफ-लाटेक’ नावाची वेगळी आज्ञावली त्या फाइलीची पाने जुळवते. ही दुसरी आज्ञावली मुकाट्याने पुढे जाणारी नाही. देवनागरी दिसताच ती थांबते आणि ‘प’ हे अक्षर आपल्याला ठाऊक नाही, असे त्याच्या क्रमांकासह बजावते. हा निरोप ईमॅक्समधल्या वेगळ्या पानावर येतो. तो न वाचताच पुष्कळजण निर्यात बिघडली म्हणून सोडून देतात.

‘प’ तिला का ठाऊक नाही? लाटेकच्या मुळाशी आहे ती डोनाल्ड क्नूथ यांची ‘टेक’. गणिताची पुस्तके देखणी छापली जावीत म्हणून त्यांनी ती स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवली, पहिली आवृत्ती १९७८ ची. तेव्हा मजकुरात १२८ निरनिराळ्या अक्षरांची सोय होती. १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीत ती २५६ झाली. युनिकोड १९९१ चे. त्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या खऱ्या, पण त्या २३०४ पासून पुढे. ‘प’चा क्रमांक २३४६. २५६ खोल्यांच्या इमारतीत २३४६ क्रमांकाची खोली कशी सापडावी?

२००४ साली जोनाथन क्यू यांनी ‘झीटेक’ ही सुधारित आज्ञावली आणली, ती युनिकोड थेट वाचते. फाइलीच्या आरंभी लाटेक-कंपायलरच्या ओळीत ‘झीलाटेक’चे नाव लिहिले की ऑर्ग-मोड तिच्याकडे काम सोपवते. तक्रार थांबते, पीडीएफ तयार होते, उघडून पाहावे तर मराठी मजकुराच्या जागी कोरा कागद! कारण नेहमीच्या टंकात देवनागरी अक्षरेच नाहीत. ही चूक पुन्हा मुकी आहे. म्हणून देवनागरी टंकाचे नाव सांगावे लागते. मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालेला ‘शोभिका’ हा मुक्त टंक त्यासाठी चांगला. त्यात रोमन अक्षरेही आहेत.

टंक दिला, अक्षरे आली, पण ‘विज्ञान’ या शब्दातली वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन बसली आणि ‘ज्ञ’ फुटून पाय मोडका ‘ज्’ व ‘ञ’ असे दोन तुकडे झाले! हा या साखळीतला शेवटचा दोष. युनिकोडमध्ये ‘वि’ साठवला जातो तो उच्चाराच्या क्रमाने: आधी ‘व’, मग वेलांटी. छापताना वेलांटी डावीकडे आणणे आणि जोडाक्षरे जुळवणे हे वेगळे काम आहे आणि जोडाक्षरांचे नियम टंकातच असतात. ते नियम लागू करायचे तर टंकाच्या नावाबरोबर ‘लिपी: देवनागरी’ अशी सूचना द्यावी लागते. एवढा एक शब्द राहिला की साऱ्या अहवालाची अशी दशा होते. शिळाप्रेस सोडून खिळे जुळवू लागलेल्या आपल्या जुन्या मुद्रकांनाही जोडाक्षरांनी असेच दमवले होते.

मजकुरातल्या काही खुणाही छापताना दगा देतात. शब्द ठळक करायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना तारका द्यायच्या. पण मिटत्या तारकेनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवे, ही अट आहे. इंग्रजीत ती सहज पाळली जाते. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो: ‘*न्यूटन*चा’ असे लिहिले तर तारकाच छापल्या जातात. सगळा शब्द ठळक करावा, किंवा तारका आणि ‘चा’ यांच्यामध्ये शून्य रुंदीची, डोळ्यांना न दिसणारी मोकळी जागा घालावी. ऑर्ग-मोडची पुस्तिकाही हाच उपाय सांगते.

पाण्याचे सूत्र असेच फसवे. अंडरस्कोर म्हणजे पुढचे अक्षर खाली उतरवण्याची खूण. एच, अंडरस्कोर, दोन, ओ असे लिहिले की दोनबरोबर बिचारा ऑक्सिजनही खाली उतरतो, कारण सलग अंक-अक्षरांचा सगळा गट ती खूण आपला मानते. म्हणून दोनभोवती महिरपी कंस घालावा.

उलट एक गोष्ट बिघडलेली वाटते पण नसते. उभ्या रेघांनी केलेल्या तक्त्यात मराठी मजकूर घातला की पडद्यावर रकाने वाकडेतिकडे दिसतात, कारण मात्रा-वेलांट्यांची रुंदी धरून ओळी समान राखणे जमत नाही. अहवालात तोच तक्ता सरळ छापला जातो. तिथे रकाने रेघा मोजून ठरतात, रुंदी पाहून नव्हे.

साठ सूचनांतली एक

हौस वाढली की ईमॅक्सच्या आरंभ-फाइलीत सूचनांची भर पडत जाते. एके दिवशी काहीतरी अडते. दोषी कोण? आधी ईमॅक्स ‘वजा क्यू’ हा पर्याय देऊन सुरू करावे; तेव्हा ते आपल्या एकाही सूचनेकडे पाहत नाही. दोष तरीही राहिला तर आपल्या सूचना निर्दोष. गेला, तर त्यांच्यातलीच एक. समजा ६४ सूचना आहेत. एकेक तपासत बसू नका. निम्म्या बंद करा. दोष राहिला तर चालू असलेल्या ३२ मध्ये, गेला तर बंद केलेल्या ३२ मध्ये. मग १६, ८, ४, २, १. सहा प्रयत्नांत गुन्हेगार हाती. हजार सूचना असत्या तरी दहा प्रयत्न पुरले असते. निम्म्या सूचना लागू होतात आणि पुढच्या होत नाहीत, असे दिसले तर मात्र आधी कंस मोजा. या फाइलीची लिस्प भाषा कंसांची आहे. एक कंस मिटायचा राहिला की पुढचे सारे त्याच्या पोटात जाते.

शोधा पाहू!

पुढच्या फाइलीत पाच दोष आहेत. (अंक देवनागरी असणे हा दोष धरू नये.)

#+टूडू: करायचे झाले रद्द
*बियाणे आणणे
 करायचे अहवाल लिहिणे

डेडलाइन: <२०२६-१२-०७ सोम>
 करायचे प्रदर्शनाला जाणे [२०२६-१२-१४ सोम]
*पाण्या*चे प्रमाण रोज सारखे ठेवले.

उत्तर: पहिल्या ओळीत ‘झाले’च्या आधी उभी रेघ नाही. दुसरीत तारकेनंतर जागा सोडलेली नाही. अहवालाचे शीर्षक आणि त्याची मुदत यांच्यात रिकामी ओळ आहे. प्रदर्शनाची तारीख चौकोनी कंसात आहे. आणि शेवटच्या ओळीत ‘चे’ हा प्रत्यय तारकेला चिकटला आहे.